बालवाडीचा हजेरीपट आडवा वाचावा



जूनचा पहिला पंधरवडा उलटतो, शाळेच्या दाराला आंब्याचे टहाळे लागतात, प्रवेशोत्सवाची फेरी गावातून वाजतगाजत निघते, आणि त्याच आठवड्यात वरिष्ठ कार्यालयाकडून पहिली पृच्छा येते ती अशी, की पट किती झाला? पृच्छा योग्यच आहे. पटावर शिक्षकांची संख्या अवलंबून असते, पोषण आहाराचे धान्य अवलंबून असते, आणि लहान शाळेच्या बाबतीत तर शाळा राहणार की जाणार हेही अवलंबून असते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ साली राज्यात पुढे आला, तेव्हा कोकणातील डोंगरकपारीच्या व खाडीकाठच्या शिक्षकांच्या पोटात गोळा उठला, हे निराळे सांगावयास नको. तेव्हा पट मोजू नये असे कोणी म्हणणार नाही. येथे मांडावयाचे आहे ते एवढेच, की बालवाडीचा पट नुसत्या बेरजेने वाचला असता तो बहुधा फसवतो. आणि जी मुले त्या बेरजेत दडून जातात, तीच पुढे आपल्या पहिलीच्या वर्गात येत नाहीत.

बालवाडी हा शब्द येथे सैलपणे वापरला आहे. अंगणवाडी असो, जिल्हा परिषदेच्या शाळेस जोडलेला बालवाटिकेचा वर्ग असो, की जुन्या वळणाची गावची बालवाडी असो. तीन ते सहा वर्षांची मुले सार्वजनिक खर्चाने जेथे एकत्र बसतात ती जागा, असा त्याचा अर्थ घ्यावा. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची आणि शाळा शिक्षण खात्याची, अशी कागदावरील वाटणी आपणांस ठाऊक आहे. मुलास ती ठाऊक नसते. प्राथमिक शिक्षकाने 'ते काम सेविकाताईंचे' असे म्हणून त्या दाराकडे पाठ फिरविली, तर आपल्या पहिलीचा पट तीन वर्षे आधी जेथे ठरतो तेथेच आपण गैरहजर राहिलो, असे होते.

एक उदाहरण कल्पून पाहू. समुद्रकाठच्या एखाद्या गावातील बालवाडीत पटावर २१ मुले आहेत असे धरू. त्यांपैकी ८ कोळीवाड्यातील, ४ आगरी आळीतील, ३ मोहल्ल्यातील, ३ डोंगराकडेच्या कातकरवाडीतील, २ बागायतदार घरांतील, आणि १ मूल एखाद्या बंगल्याची राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबातील. महिन्याच्या अखेरीस सरासरी उपस्थिती १७ निघाली, म्हणजे शेकडा ८१. अहवालात हा आकडा वाईट दिसत नाही. परंतु तो दोन अगदी भिन्न रीतींनी निघू शकतो. प्रत्येक मूल पाच दिवसांतून सुमारे एक दिवस घरी राहिले, तरी सरासरी १७ येते; आणि सतरा मुले रोज आली व चार मुले महिनाभर एकदाही आली नाहीत, तरीही सरासरी १७च येते. पहिल्या बालवाडीत ताप, पाऊस, मामाकडचे लग्न अशी नेहमीची कारणे असतात. दुसऱ्या बालवाडीत चार मुलांची बालवाडी बंद पडलेली असते, आणि ते कोणाच्या लक्षात आलेले नसते.

हजेरीपटात तारखांचे रकाने उभे असतात व त्यांच्या तळाशी त्या दिवसाची बेरीज लिहावयाची असते. कार्यालय मागते ती ही उभी बेरीज. मुलाची ओळ मात्र आडवी असते. ती डावीकडून उजवीकडे बोट फिरवीत वाचली, तरच कोणत्या मुलाचे काय झाले ते कळते. शनिवारी अर्धा तास या वाचनासाठी राखून ठेवावा. त्यास कोणतेही प्रपत्र लागत नाही.

पटाच्या संख्येस अवास्तव महत्त्व आले म्हणजे काय होते, हे राज्याने ऑक्टोबर २०११ मध्ये पाहिले. त्या महिन्याच्या ३ ते ५ तारखांस सर्व शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली. मोजलेल्या मुलांच्या बोटांस मतदानाप्रमाणे शाई लावण्यात आली, आणि पटावर नाव असून प्रत्यक्षात मूल नाही अशा लाखो नोंदी उघडकीस आल्या. ती मोहीम आवश्यक होती. परंतु शाळेत जाऊन डोकी मोजली असता जो दोष सापडतो तो एकाच जातीचा: नाव आहे, मूल नाही. मूल आहे पण नाव नाही, हा उलटा दोष शाळेत बसून सापडत नाही. त्यासाठी वस्तीवरच जावे लागते.

हा धडा आपल्या किनाऱ्यावर नवा नाही. आपल्या उत्तरेस, तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे केलेल्या कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे बळ पाठीशी होते. अनुताई वाघ यांच्यासारख्या सहकारी मिळाल्या होत्या. केंद्र निघाले, परंतु गावाबाहेरच्या गरीब वस्तीतील मुले केंद्राकडे येईनात. तेव्हा त्यांनी मुलांच्या पालकांस दोष न देता केंद्रच उचलून वस्तीच्या अंगणात नेले. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. हा शब्द पुढे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेला, पण त्याचे मूळ आपल्याच किनाऱ्यावरील एका अंगणात आहे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले आणि तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? तर तिच्या कडेवर दीड वर्षाचे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात भरू लागली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की थोरली बहीण वर्गात बसण्यास मोकळी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. परदेशी पद्धतीची महागडी साधने दूर ठेवून गारगोट्या, शिंपले, बिया व पाने यांवर मोजणी-जुळणीचे खेळ बसविण्यात आले. यांतील प्रत्येक सुधारणेच्या मागे 'हे मूल आज का आले नाही' असा एका मुलाविषयीचा प्रश्न आहे. सरासरी उपस्थितीच्या आकड्यातून कुरणशाळा सुचली नसती.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ साली झाले. किनारा मात्र तोच राहिला, आणि त्यावर वस्ती करून राहिलेल्या लोकांची विविधताही. उरण-अलिबागपासून रेवदंडा, मुरुड, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपर्यंत कोळी, आगरी, भंडारी, माळी, कुणबी, कोकणी मुसलमान, जंजिऱ्याच्या परिसरातील सिद्दी, कोर्लईचे ख्रिस्ती आणि डोंगरउतारावरील कातकरी व ठाकूर असे लोक दोन-चार कोसांच्या आत नांदतात. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांस 'शनवार तेली' म्हणत, ते बेने इस्राएल बांधवही याच गावांतले; १९४८ नंतर त्यांपैकी बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. एवढ्या लहान पट्टीत एवढी विविधता असल्यामुळे वीस मुलांच्या बालवाडीतही चार-पाच तऱ्हांची घरे सहज येतात. मोठ्या शहरातील शाळेस हे भाग्य क्वचितच लाभते. मात्र या घरांचे दिवसाचे व वर्षाचे वेळापत्रक एक नसते, आणि बालवाडीचे वेळापत्रक एकच असते. अडचण तेथून सुरू होते.

कोळीवाड्याचे उदाहरण घ्या. तेथील मूल आठवड्यातून दोन-तीन दिवस उशिरा येते किंवा येतच नाही, आणि आपण 'पालक बेफिकीर' असा शेरा मारून मोकळे होतो. परंतु कोळीणीचा दिवस घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. खाडीच्या बंदरात लहान होड्या भरतीबरोबर आत येतात. होडी आली की मासळी उतरवणे, निवडणे व बाजाराची पाटी डोक्यावर घेणे हे आईचे काम. भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरील जुनी रीत आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सुमारे सहाला, दशमीस साडेसातला, पौर्णिमेस वा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास. दुसरी भरती साधारण बारा-साडेबारा तासांच्या अंतराने येते. रोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. या हिशेबात घटका-अर्धी घटका इकडेतिकडे होते, पण आपल्या कामापुरता तो पुरतो.

आता कोळीवाड्यातील मुलाची आडवी ओळ काढून तिच्या वर तिथी लिहून पाहाव्या. गैरहजेरीचे दिवस मनमानेल तसे विखुरलेले नसून ठराविक तिथींच्या आसपास गोळा झालेले दिसले, तर कारण सापडले असे समजावे. भरती सकाळी आठ-नऊच्या सुमारास येणाऱ्या दिवसांत आईस मुलास आणून सोडणे जमत नाही. आजी किंवा शेजारीण ते करील काय, अथवा सेविकाताईंस त्या तीन-चार दिवशी मदतनीस बंदराकडून फिरवून मुले आणविता येतील काय, एवढेच मग ठरवावयाचे राहते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा, म्हणजे जून-जुलैत, हीच मुले नियमित येतात. नारळीपौर्णिमेनंतर ती गळू लागतात. जूनच्या हजेरीवरून वर्षाचा अंदाज बांधणारा शिक्षक कोळीवाड्याच्या बाबतीत म्हणून चुकतो. कातकरवाडीच्या बाबतीत तो याहून अधिक चुकतो. पण त्याचा विचार शेवटी करू.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे. आगरी व कोळी घरांतील मूल 'डोळा' न म्हणता 'डोला' म्हणते, 'पाणी'ला 'पानी', 'होडी'ला 'होरी' आणि 'मला' म्हणावयाचे तेथे 'मना' म्हणते. ही चूक नव्हे. तिच्यात नियम आहे. ळ चा ल, ण चा न व ड चा र असा उच्चार त्या बोलीत सरसहा होतो, आणि चार वर्षांचे मूल तो नियम बिनचूक पाळते. अशा मुलाने मोठ्या उमेदीने 'मना होरी दिसली' म्हणून सांगावे आणि आपण होडीविषयी काही न विचारता 'मना नव्हे, मला म्हण' असे म्हणावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते मूल काही सांगणार नाही. तिसऱ्या दिवशी कदाचित येणारही नाही. 'कोणाची होडी? काय काय आणलेन तिने?' असे विचारावे. बोंबील, मांदेली, वाकटी, करंदी अशी यादी मूल धडाधड म्हणून दाखवील. तेवढ्या मासळीची नावे आपणांपैकी कितीजणांस येतात, हा प्रश्न येथे न विचारलेला बरा. प्रमाण मराठी शिकविण्यास पुढे बारा वर्षे आहेत. बालवाडीत बोलते मूल बोलते ठेवणे एवढेच साधावयाचे असते.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, कोर्लई हे गाव आहे. पोर्तुगीजांनी चौल-रेवदंड्याचा मुलूख १७४० साली सोडला. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली बोली घरात टिकविली. तिला ती माणसे 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. बोलणारे सुमारे हजाराच्या आसपास; परदेशी भाषाशास्त्रज्ञांनी येऊन तिच्यावर ग्रंथ लिहिले. या घरातील मूल पहिल्यांदा बालवाडीत येते तेव्हा त्याच्या कानावर पडणारी मराठी त्यास बाजारातून थोडी ओळखीची असते, पण रडताना आईला हाक मारावयाची भाषा ती नसते. अशा मुलाच्या घरचे चार शब्द, म्हणजे पाणी, भूक, आई आणि शी-शू यांचे शब्द, सेविकाताईंनी व पहिलीच्या शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात पालकांकडून लिहून घ्यावे. मग ते मूल कोर्लईचे असो, कातकरवाडीचे असो, की नेपाळी कुटुंबातील असो. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा २००९चा अधिनियम शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे सांगतो. चार घरच्या भाषांच्या बालवाडीत चार माध्यमे चालविता येत नाहीत हे खरे. पण प्रत्येक भाषेतले चार शब्द शिक्षकास यावेत, यात अशक्य काही नाही.

मोहल्ल्यातील मुलांविषयी एक गोष्ट सहसा नजरेआड होते. आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आहेत. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळे भागातील कोकणी मुसलमान घरांतील पुष्कळ मुले सहाव्या वर्षी तेथे जातात. ज्यांस परवडते त्या घरांची मुले व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेस जातात, आणि बाकीची आपल्या मराठी शाळेत येतात. म्हणजे गावातील सर्व मुले एका सतरंजीवर बसण्याचा काळ आयुष्यात बालवाडीची दोन-तीन वर्षे एवढाच असतो. ही मुले 'पुढे आपल्या पटावर यावयाची नाहीत' म्हणून त्यांच्या हजेरीकडे मराठी शाळेच्या शिक्षकाने कमी लक्ष द्यावे, हे कार्यालयाच्या दृष्टीने समजण्यासारखे असले तरी गावाच्या दृष्टीने नुकसानीचे आहे.

आता नाव व वय यांविषयी. जुन्या शाळांचे दाखलखारीज रजिस्टर उघडून पाहिले असता निम्म्या गावाचा जन्म १ जूनला झालेला दिसतो. मुलगा शाळेत आणला की मास्तरांनी सहा वर्षांचा दिसतो असे पाहून १ जून ठोकून द्यावे, अशी रीत होती; आपणांपैकी काहींचे वाढदिवसही त्याच तारखेस येत असतील. आज जन्मनोंदणी पुष्कळच सुधारली आहे. तरीही वीटभट्टीवर किंवा वाटेत जन्मलेल्या मुलाचा दाखला नसतो आणि आईस तारीख सांगता येत नाही. अशा वेळी १ जूनचा आसरा न घेता गावाच्या आठवणीचा आसरा घ्यावा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, शाळांचे पत्रे उडाले. ती आठवण कोणत्याही आईस विसरता येणार नाही. मूल तेव्हा पोटात होते, अंगावर पीत होते, की रांगत होते? मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळाच्या वेळी ते चालत होते काय? जुलै २०२१ मध्ये महाडास पूर आला, तळियेची दरड कोसळली, तेव्हा ते बोलू लागले होते काय? अशा तीन प्रश्नांत वय महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने पक्के होते. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे उपरोक्त अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. तो अधिनियम सहा वर्षांपुढील मुलांचा असला तरी बालवाडीच्या दाराशी याहून कडक नियम लावण्यास काही आधार नाही.

नावही आई सांगेल तेच लिहावे. कातकरी घरांत वारावरून ठेवलेली नावे आढळतात. ती 'शोभत नाहीत' म्हणून परस्पर बदलून 'सोमनाथ' किंवा 'मंगला' करण्याचा मोह होतो. मग हजेरी घेताना मूल स्वतःच्या नावास ओ देत नाही, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या गावच्या सेविकेने नाव विचारले असता आई निराळेच सांगते. एका मुलाच्या दोन नोंदी होतात किंवा एकही राहत नाही.

वस्तीवरील मुले बालवाडीत का येत नाहीत, याचे एक कारण अंतराचे असते आणि दुसरे मनातल्या अंतराचे. १९२७ साली महाडचे चवदार तळे झाले ते याच जिल्ह्यात. तो इतिहास आपण मुलांस शिकवितो. बालवाडीतील पाण्याचा माठ, पेल्यांचा ढीग आणि बसावयाची सतरंजी यांकडे एकदा शांतपणे पाहावे. वाडीवरील तीन मुले दररोज दाराजवळच बसत असतील, पेला कोणी दुसऱ्याने भरून देण्याची वाट पाहत असतील, आणि खाऊ वाटताना त्यांची पाळी नेहमी शेवटी येत असेल, तर कोणी काहीही न बोलता त्यांस जे सांगावयाचे ते सांगितले जात असते. जागा रोज फिरती ठेवावी. हा उपाय फुकट आहे आणि ज्यास विरोध करावयाचा आहे त्यास विरोध करावयास जागा देत नाही.

सर्वांत कठीण प्रश्न कातकरवाडीचा, म्हणून तो अखेरीस घेतला आहे. खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून नाव पडलेली ही जमात. जंगल हातचे गेले आणि तो धंदाही गेला. आज शासनदरबारी तिची गणना राज्यातील तीन आदिम जमातींत होते. इतर दोन म्हणजे कोलाम व माडिया गोंड. पावसाळ्यात कातकरी कुटुंब वाडीवर असते, शेतमजुरी करते, खेकडे-मासे धरते. भात कापून झाले, दिवाळी आटोपली, की उचल घेतलेले कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते. पनवेल, पेण, कल्याण, भिवंडीकडे, नाहीतर घाट चढून देशावर. परत येते ते अक्षय्यतृतीयेच्या सुमारास किंवा पाऊस तोंडावर आला म्हणजे. अर्थात तीन ते सहा या वयातील कातकरी मुलाच्या वाट्यास बालवाडीची तीन वर्षे येत नाहीत. दिवाळीपूर्वीचे चार-पाच महिने, असे तीन तुकडे येतात. आपल्या कल्पित बालवाडीतील जी तीन मुले नोव्हेंबरात दिसेनाशी झाली ती हीच.

येथे सेविकाताईंपुढे व शिक्षकापुढे दोन सोपे मार्ग असतात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिला, नाव कमी करणे; पट स्वच्छ राहतो, सरासरी सुधारते, पण जूनमध्ये परतलेले मूल नव्याने दाखल करावे लागते आणि त्याच्या मागील वर्षाचा मागमूस राहत नाही. दुसरा, नावापुढे हजर मांडणे. याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. सरळ मार्ग असा, की नाव ठेवावे, गैरहजेरी खरी मांडावी आणि शेऱ्याच्या रकान्यात तारीख घालून लिहावे: 'कुटुंब अमुक गावी भट्टीवर गेले.' हे अमुक गाव कळावयास हवे असेल तर दिवाळीच्या सुटीपूर्वी वाडीवर जावे लागते. नंतर दाराला बाहेरून काटी लावलेली सापडते. उचल देणारा मुकादम कोण व भट्टी कोठे हे आईस किंवा मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांस ठाऊक असते. मुलाचे नाव, अंदाजे जन्ममहिना, वजन, टोचलेल्या लसी व घरची बोली एवढे एका कागदावर लिहून तो आईच्या हाती द्यावा. भट्टीजवळच्या अंगणवाडीत तो दाखविला की तेथील सेविकेस मूल घेणे सोपे जाते. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, आणि ते थोरल्या भावंडास देतानाच धाकट्याचा कागद जोडता येतो. वीटभट्टीवरच शाळा भरविता येते हेही वसई-भिवंडीकडील भोंगाशाळांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले आहे; भट्टीवरील मजुरांच्या खोपटाला भोंगा म्हणतात, त्यावरून ते नाव.

काही वाड्यांवर मात्र प्रश्न मुले जाण्याचा नसून मुळात अंगणवाडीच नसण्याचा आहे. मोठ्या गावची अंगणवाडी ओढ्यापलीकडे असते आणि पावसाळ्यात, जेव्हा मुले वाडीवर असतात नेमके तेव्हाच, ओढा भरलेला असतो. अशा ठिकाणी शिक्षकाने वाडीतील सहा वर्षांखालील मुलांची नावनिशीवार यादी करावी. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळण्याचा त्यांस हक्क आहे. चाळीस ही संख्या तोंडी सांगून चालत नाही. चाळीस नावे लागतात. ती पावसाळ्यात मोजावी. जानेवारीत मोजणाऱ्यास त्याच वाडीत दहासुद्धा सापडणार नाहीत, आणि 'मागणी नाही' असा अहवाल प्रामाणिकपणे वर जाईल.

यादी करताना प्रत्येक मुलापुढे पाच गोष्टी लिहाव्या: घरची बोली, मुलास आणून सोडणारे माणूस, आईच्या कामाची वेळ, बाहेरगावी असण्याचे महिने, आणि पाठीवरचे किंवा पुढचे भावंड. शाळेच्या वहीची दोन पाने पुरतात. पहिलीत दाखल करावयाची मुले कोणती हे एप्रिलमध्ये पाहावयाचे, तेव्हा हीच वही शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यास बरोबर न्यावी. मेळाव्यास आलेल्या मुलांच्या नावांवर खूण करावी, आणि ज्या नावांवर खूण झाली नाही ती नावे निराळ्या कागदावर उतरून घ्यावी. त्या वेळी कातकरवाडीतील बरीचशी कुटुंबे परतलेली नसतात. म्हणून मृगाचा पाऊस लागल्यावर, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात, वाडीवर एक फेरी ठेवावी; जमल्यास संध्याकाळी, चुली पेटल्यावर. ज्या घराच्या दाराची काटी निघालेली असेल तेथे बसावे, मुलास नावाने हाक मारावी, आणि परत येऊन शेऱ्याच्या रकान्यात जुन्या नोंदीखालीच तारखेसह लिहावे: 'परत आला.'